जिनाच्या फाटकातली लेकरांची खोली

कायदा येणार, कायदा येणार, असं मुनीमजी पोळ्यापासून घोकत होते. आम्हाला वाटायचं, येईल तेव्हा येईल, त्यात काय एवढं? आमच्या दारावरून काय कमी गोष्टी आल्या नि गेल्या? पण मुनीमजींची झोप उडाली होती. जिनाचे मालक शेठ मुंबईला राहायचे, हंगामात एकदा अकोल्याला यायचे, गादीवर बसून पान खायचे आणि परत जायचे. कापसाचं ते जिन चालायचं मुनीमजींच्या जिवावर. काही वाकडं झालं तर मान जाणार होती तीही त्यांचीच.

लिहायला मी फार उशिरा शिकले, अमरावतीला येऊन, केस पिकल्यावर. त्यामुळे लिहिते तेही बोलल्यासारखंच निघतं. कोणाला खटकलं तर खटको बापा, मी काही आता बदलत नाही.

मी रेचावाली होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं यंत्र. लांबच लांब शेड, त्यात रेच्यांच्या दोन रांगा, आणि एकेका रेच्यामागे एकेक बाई उभी. दोन्ही हातांनी कापूस यंत्राच्या तोंडाशी द्यायचा. पुढून रुई पडते, खालून सरकी पडते, आणि लक्ष उडालं तर बोटंही पडतात. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत हेच. आवाज इतका की शेजारणीला काही सांगायचं तर तिच्या कानात ओरडावं लागे. माझा नवरा पलीकडे प्रेसमध्ये रुई दाबून गठाणी बांधायला होता. दिवसभर एकाच आवारात असून आमची गाठ पडायची ती घरीच.

माझी पोरगी तेव्हा अंगावर पिणारी होती, नुकती रांगायला लागलेली. माझ्या रेच्यामागे खांबाला झोळी बांधलेली असायची, तिच्यात ती निजायची. कापूस हातानं द्यायचा आणि पायानं झोळीला झोका. त्या दणदणाटात पोट्टी अशी झोपायची की काय सांगू! उलट दुपारी रेचे थांबले की दचकून उठायची. मग मी तिथंच खाली बसून तिला पाजायची. मुकादम तेवढ्यापुरता तोंड फिरवायचा, एवढी लाज त्याला होती.

आता गोळीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अफूची गोळी. इवलीशी, आईच्या दुधात उगाळून पहाटे लेकराला चाटवायची आणि मग कामावर निघायचं. मी देत होते, सगळ्याच देत होत्या. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यांखाली रांगत गेलेलं एक लेकरू मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याबद्दल मी लिहिणार नाही. त्याच्यानंतर ज्या बायांनी गोळीला नावं ठेवली होती, त्यांनीही मुकाट्यानं सुरू केली. ज्यांच्या घरी लेकराजवळ बसायला माणूस होतं, त्यांनी आम्हाला अक्कल शिकवू नये.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुरातून चालायचा, तिथूनच तो कायद्याचा कागद आला. एका संध्याकाळी भोंगा झाल्यावर मुनीमजींनी आम्हा सगळ्या बायांना अंगणात थांबवलं. स्वतः सरकीच्या पोत्यावर चढून उभे राहिले आणि सांगू लागले. दिवाळीनंतरच्या हंगामापासून बायांना रात्रीचं काम बंद. फिरत्या पट्ट्यांना जाळी लागणार. प्यायच्या पाण्याचे रांजण झाकलेले पाहिजेत. ठरल्या वेळेपेक्षा जास्त काम नाही. आणि लेकरं शेडच्या आत नाहीत म्हणजे नाहीत. एक जरी झोळी आत दिसली तर तपासणीला येणारा सरकारी साहेब जिनाला कुलूप लावू शकतो, असं ते म्हणाले.

"मंग लेकरं ठेवाची कोठी?" मी विचारलं. "तुमच्या गादीवर?"

बाया खो खो हसल्या. मुनीमजी नाही हसले.

"तुयी जीभ लय चालते वं," ते म्हणाले. "फाटकापाशी खोली बांधून राहिलो ना मी. लेकरं तिथं राहतीन. एक बाई ठेवतो पाहाले. जेवणाच्या सुट्टीत जा, पाजा, अन् वापस या. मधात उठून जायचं नाई. काम म्हंजे काम, लेकरू म्हंजे लेकरू. कायदा तसाच हाय."

कायद्यात तसं होतं की नाही, देव जाणे. आमच्यापर्यंत कायदा आला तो मुनीमजींच्या तोंडून. साहेबानं काय लिहिलं आणि मुनीमजींनी काय वाचलं, हे तपासायला आम्ही काही शाळेत गेलो नव्हतो. पण मला आतून राग आला होता. पट्ट्यांपासून लेकरं लांब जाणार हे चांगलंच होतं, ते मलाही कळत होतं. पण लांब म्हणजे किती लांब? फाटक अंगणाच्या त्या टोकाला. तिथून माझ्या पोरीनं गळा काढला तरी मला काय ऐकू येणार होतं?

खोली झाली. पत्र्याची, आतून चुन्यानं पांढरीफेक. वरच्या बल्लीला झोळ्या ओळीनं टांगलेल्या. दिसायला खोली छान होती, खोटं कशाला बोलू? तिथं ठेवलेली बाई म्हणजे आमची मावशी. मावशी माझी कोणी सख्खी नव्हे, सगळ्या जिनाची मावशी. उभा जन्म तिनं रेच्यावर घातला होता. रुईची धूळ छातीत बसून असा खोकला लागला की दोन घास खाल्ले तरी धाप लागायची. मुनीमजींनी तिला रेच्यावरून काढलं होतं आणि आता कायद्याच्या निमित्तानं पुन्हा घेतलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हे काम टिकलं पाह्यजे वं माय," ती मला म्हणाली, "नाई तं मले देवळापुढं बसा लागते." माझ्या पोरीवर तिचा फार जीव होता. दुसऱ्या कोणाच्या हाती मी पोरगी दिलीच नसती.

मग सुरू झाली तालीम. हो, तालीमच! साहेब न सांगता येतो आणि बायांनाच बाजूला घेऊन विचारतो, असं मुनीमजींनी कुठून तरी ऐकलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी आम्हाला उभं करून ते साहेब व्हायचे.

"सकाळी किती वाजता येता?"

"भोंगा झाला का येतो जी."

"भोंगा नाई! वाजले किती ते सांगा!"

आमच्यात घड्याळ होतं कोणाकडे? तरी पाठ केलं. पाणी झाकलेलं असतं का? हो जी. रात्री काम करता का? नाई जी. आणि मग एके दिवशी त्यांनी आवाज बारीक करून विचारलं, "लेकराले अफू देता का?"

आम्ही आपापल्या पदराला चिकटलेली रुई वेचू लागलो.

"नाई जी, म्हणायचं!" मुनीमजी खेकसले. "अन् नुसतं म्हणायचं नाई. आजपासून बंद. एकाही लेकराले घरून गोळी देऊन आणायचं नाई. साहेबाले लेकराचे डोळे पाहून कळते. ज्या बाईनं देली, तिले फाटकाच्या आत पाय ठेवू देणार नाई."

"नाई जी," आम्ही एका सुरात म्हणालो. मावशीही तिथंच उभी होती. तिनंही ऐकलं.

आता खरं सांगते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोळी उगाळली. पहिल्यापासून सवय लागलेलं लेकरू एकदम बंद केलं की दिवसभर हातपाय आखडून रडतं, हे मला माहीत होतं. शेजारच्या रेच्यावरची माझी मैत्रीण होती, तीही देत होती. आम्ही दोघी एकमेकींना काही बोललो नाही. कोणीच कोणाला बोललं नाही. बोललं आणि मुनीमजींच्या कानावर गेलं तर? फाटकाशी लेकरू मावशीच्या हाती द्यायचं, मावशीनं झोळीत घालायचं, आणि आपण मुकाट्यानं आपल्या जागेवर जायचं.

कार्तिकातली कौंडण्यपूरची यात्रा झाली आणि हंगाम जोरात आला. दर्यापूर-अंजनगावकडच्या कापसानं भरलेल्या बैलबंड्या फाटकाबाहेर रांगेनं उभ्या. रेच्यामागे उभी राहिले की माझा पाय आपोआप मागे जायचा, झोळीला झोका द्यायला. तिथं काहीच नसायचं. चिडचिड व्हायची माझी. नवरा म्हणाला, तुले रोजच काहून भांडाले पाह्यजे? मी म्हटलं, तुले दूध येत नाई म्हून तू असा बोलून राहिला.

त्या दिवशी सकाळी एका बंडीवाल्यानं बातमी आणली की साहेब मूर्तिजापूरच्या जिनात येऊन गेला, आता अकोल्याची पाळी. मुनीमजींचं तोंड पांढरं पडलं. आम्ही आत शिरत होतो तेव्हा ते खोलीच्या दाराशी मावशीला काही सांगत होते, हात हलवून हलवून. मावशी मान डोलवत होती. मला वाटलं, झाडलोटीचं काही असेल.

ऊन अंगणात चांगलं उतरलं आणि साहेब आला. मला वाटलं होतं गोरा असेल. निघाला आपल्यासारखाच सावळा, डोक्यावर हॅट आणि नाकाला रुमाल. आधी तो बॉयलरकडे गेला, मग आमच्या शेडमध्ये आला. पट्ट्यांच्या जाळीला त्यानं हात लावून पाहिलं. माझ्यापासून चार बायांपलीकडे एकीला काही विचारलं, तिनं "नाई जी" म्हटलेलं मला तिच्या ओठांवरून कळलं. मुनीमजी त्याच्या मागे हात जोडून. साहेब बाहेर पडला तसे रेचे आणखी जोरात चालल्यासारखे वाटू लागले.

तेवढ्यात माझी चोळी ओली झाली. पोरीची प्यायची वेळ झाली की असंच व्हायचं. गोळी दिलेली असली तरी या वेळेला ती उठायचीच, पोट काही अफूचं ऐकत नाही. मी मनात म्हटलं, रडत असेल बिचारी, सुट्टीला अजून अवकाश आहे. माझी मैत्रीण रांजणावर पाणी प्यायला गेली होती. रांजण फाटकाच्या बाजूला. ती परत आली आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "काय गुमान निजले वं लेकरं! एकाचाबी आवाज नाई!"

ती हसत होती. मुनीमजींची तालीम कामी आली, असं तिला वाटलं होतं. एक निजेल, दोन निजतील. सगळीच्या सगळी? त्यात तिचंही एक होतं. मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू हळूहळू गेलं.

मी हातातला कापूस टाकला आणि निघाले. शेडच्या दारात मुकादम आडवा आला. "जागा सोडू नोको! साहेब हाय अजून!"

"बाजूले हो."

"मुनीमजी मले खातीन वं!"

"खाऊ दे!" मी त्याला खांद्यानं ढकललं. तो पडला की राहिला, मी पाहिलं नाही.

खोलीच्या दारात साहेबच उभा होता. रुमाल खाली केला होता, खूश दिसत होता. "छान व्यवस्था आहे," तो मुनीमजींना म्हणत होता. "एवढी मुलं आणि एवढी शांतता मी कुठे पाहिली नाही." मुनीमजी लाजून हसत होते. मी दोघांच्या मधून आत घुसले.

पोरगी झोळीत उताणी पडली होती, तोंड उघडं. मी उचललं तर मान मागे लटकली. नखं निळसर. श्वास होता, पण एक आला की पुढचा येईपर्यंत माझाच जीव जायचा. पापणी वर केली तर बुबुळ टाचणीच्या टोकाएवढं. मला सगळं कळलं.

"मावशी, तुमी गोळी देली काय?"

मावशीनं मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजी साहेबाला घाईघाईनं म्हणाले, "इथं कोणी गोळी देत नाही, साहेब. बाई लेकराला पाजायला आली आहे."

"मावशी!"

"एकच देली वं," मावशी म्हणाली. "मुनीमजी म्हणले, साहेबापुढं एकबी लेकरू रडलं तं खोली बंद. तुमाले घरून द्याची मनाई केली होती ना? म्हून म्या देली. सगळ्यायले एक एक देली."

आम्हाला मनाई, म्हणून आम्ही चोरून दिली. आम्हाला मनाई, म्हणून मावशीला वाटलं, लेकरांच्या पोटात काही गेलेलंच नाही. कायद्याला तोंड दाखवायची तयारी अशी झाली होती.

"म्याबी देली पहाटे," मी म्हणाले. मावशी मटकन खाली बसली.

"सगळ्यायनं देली!" मी दारातून शेडकडे ओरडले. "या वं! सगळ्या या! लेकरं पाहा आपापले!" रेच्यांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? पण मैत्रीण माझ्या मागोमाग अंगणात आलीच होती. ती तशीच मागे पळाली.

मी पोरीला घेऊन अंगणातल्या हौदाकडे धावले. तोंडावर गार पाणी मारलं. तळपायांवर चापट्या मारल्या, हलवलं, हाका मारल्या. काही नाही. श्वास यायचा, थांबायचा. माय वं, किती थांबायचा! मी देवाला नवस बोलले नाही, काही नाही. मी त्याला शिव्या दिल्या. तोंडाला येईल ते बोलत होते आणि तळपाय बडवत होते.

तोवर शेडमधून बाया बाहेर पडल्या. अंगावर, केसांवर रुई चिकटलेली, पदराचं भान नाही. मागे रेचे रिकामेच फिरत होते, त्यांचा आवाज बदलून कर्कश झाला होता. बाया खोलीत घुसल्या आणि ज्या त्या आपलं लेकरू घेऊन अंगणात. कोणी पाणी मारतंय, कोणी गालावर चापट्या, कोणी उलटं धरून पाठीवर थापटतंय. एक लेकरू रडलं. मग दुसरं. माझ्या मैत्रिणीचं पोट्टं मोठं होतं, त्यानं भडाभडा ओकून भोकाड पसरलं, तशी ती जमिनीवर बसून त्याच्याहून मोठ्यानं रडायला लागली. एकेक करत सगळं अंगण रडण्यानं भरलं. माझीच रडत नव्हती. सगळ्यांत लहान तीच होती.

साहेब फाटकाजवळ त्याच्यासाठी मांडलेल्या टेबलाशी गेला होता. काय चाललंय हे त्याला धड कळत नव्हतं. मुनीमजी त्याला हातवारे करून सांगत होते, बाया अडाणी आहेत, सुट्टीची वेळ झाली आहे, असलं काहीतरी.

मावशी माझ्याजवळ आली, अक्षरशः रांगत. खोकत होती, श्वास पुरत नव्हता तिला. मला तिला लाथ मारावीशी वाटली, आणि मिठीही मारावीशी वाटली. तिनं पोरीची छाती चाचपली.

"पाण्यानं नाई होणार," ती म्हणाली. "चिमटा काढ. मांडीले काढ, आतल्या बाजूनं. जोरानं. माया करू नोको वं, माया करशीन तं पोट्टी जाईन!"

मी चिमटा काढला. मांडी इवलीशी, पिठाच्या गोळ्यासारखी मऊ. काही नाही. पुन्हा काढला, नखं रुतवून. कातडी लाल झाली, मग काळीनिळी. माझ्या हातून होईना. मावशीनं माझ्याच बोटांवर आपली बोटं ठेवली आणि दाबली. पोरीच्या कपाळाला आठी पडली. ओठ थरथरले. मग घशातून एक बारीक आवाज आला, पुसट, दार कुरकुरावं तसा. मी तिसऱ्यांदा चिमटा काढला आणि ती रडली. खरंच रडली! तोंड वेडंवाकडं करून, मुठी वळून, रागावून रडली. तसं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"झोपू नोको देऊ," मावशी म्हणाली. "दिवस मावळेपर्यंत झोपू नोको देऊ."

तेवढ्यात मुनीमजी धावत आले. कपाळावर घाम, पगडी कलंडलेली. वाकून, दात आवळून माझ्या कानाशी म्हणाले, "झालं ना आता? जगली ना? मंग चूप कर तिले! साहेब शेरा लिहून राहिला."

मी मान वर करून पाहिलं. टेबलाशी साहेबाच्या हातात टाक होता, पण तो लिहीत नव्हता. हॅट मागे सारून तो आमच्याकडेच पाहत होता. माझ्या मांडीवर पोरीचं रडणं हळू होत चाललं होतं, डोळे पुन्हा मिटायला लागले होते.

मी मुनीमजींच्या डोळ्यांत डोळे घालून तिला आणखी एक चिमटा काढला.